एका कंदानं सहा वर्षं अंथरुणाला खिळवलं, त्याच दुर्गा भागवतांनी मराठी माणसाला ऋतू पाहायला शिकवलं

वळवाचे एक-दोन दमदार पाऊस पडून गेले की पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्यासारख्या गावांच्या आजूबाजूच्या डोंगरात जमिनीतून एक विचित्र कोंब वर येतो. पान नाही, फांदी नाही. नुसताच एक लांबट, जांभळट-तपकिरी कोंब. ही शेवळं. मोखाड्याच्या आणि जव्हारच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि त्यांच्या शेजारीच काकडाची छोटी हिरवी आंबट फळंही असतात.

ही काकडं हौसेसाठी नसतात. शेवळं तशीच शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून आतला पिवळसर भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं आणि काकडाचा आंबट रस घालून शिजवायचं. हे सगळं माहीत असेल तर शेवळाची भाजी म्हणजे मेजवानी. माहीत नसेल तर शिक्षा.

शेवळं सुरणाच्या कुळातली. आणि याच कुळातल्या एका रानटी भाऊबंदानं, सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी, इथून शेकडो किलोमीटर लांबच्या जंगलात एका तरुण अभ्यासक बाईंचं आयुष्य बदलून टाकलं होतं. त्या आदिवासींचा अभ्यास करायला गेल्या होत्या. त्यांना विषारी सुरण बाधला आणि साधारण सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळून राहिल्या.

त्यांचं नाव दुर्गा भागवत.

आज बहुतेकांना त्या आठवतात त्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लेखिका म्हणून. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी मराठी माणसाच्या हातात एक पुस्तक ठेवलं होतं. ते होतं बारा महिन्यांच्या निसर्गावर. नाव 'ऋतुचक्र'. त्या पुस्तकामागचं आयुष्य समजून घेतलं, तर पोशेऱ्याच्या डोंगरातली शेवळंही वेगळी दिसायला लागतात.

शास्त्रज्ञांच्या घरातली मुलगी

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. वडील रसायनशास्त्राचे जाणकार. घरात पुस्तकं होती, शिक्षण होतं आणि मुलींनी शिकायचं की नाही हा प्रश्नच नव्हता.

त्यांची धाकटी बहीण म्हणजे कमला. पुढच्या कमला सोहोनी. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. कमलाबाईंनी हट्टानं तो मिळवला आणि पुढे केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला अशी त्यांची ओळख आहे. त्यांच्या संशोधनाचे विषय पाहा: कडधान्यातली प्रथिनं, वनस्पतींच्या पेशी, पुढे नीरा. म्हणजे एक बहीण झाडाकडे प्रयोगशाळेतून बघत होती आणि दुसरी पुढे त्याच झाडाकडे ऋतूमधून आणि लोककथेमधून बघणार होती.

दुर्गाबाईंचं कॉलेजचं शिक्षण मुंबईत झालं. गांधीजींच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी काही काळ शिक्षण बाजूलाही ठेवलं. पण अभ्यासाची ओढ मोठी होती. त्या परत आल्या आणि त्यांनी विषय निवडला तो प्राचीन बौद्ध काळातल्या न्यायव्यवस्थेचा. एम.ए.साठीचं हे काम १९३९ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आलं. तेव्हा त्यांचं वय होतं २९.

संस्कृत आणि पाली ग्रंथ, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. गाडी सरळ विद्वत्तेच्या रुळावर होती. ग्रंथालयात बसून आयुष्य काढता आलं असतं. पण त्यांना ग्रंथांच्या बाहेरची माणसं पाहायची होती.

जंगलात गेल्या आणि…

त्या काळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचं मोठं नाव होतं डॉ. गो. स. घुर्ये. त्यांच्या हाताखाली पीएचडीसाठी दुर्गाबाईंनी आदिवासींच्या जगण्याचा विषय घेतला आणि त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात फिरू लागल्या.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. धड रस्ते नाहीत, औषधांची सोय नाही, मलेरियाचा प्रदेश, आणि एकटी तरुण बाई वह्या घेऊन पाड्यापाड्यांवरून गाणी, कथा, चालीरीती टिपत फिरतेय. शहरातल्या मुलीनं असं करायचं हेच तेव्हा नवलाचं होतं.

तिथेच विषारी सुरणाची बाधा झाली. ती दोन दिवसांत बरी होणारी नव्हती. आजार खोल गेला. फिरणं थांबलं आणि साधारण सहा वर्षं अंथरुणावर गेली. पीएचडी पूर्ण झाली नाही ती नाहीच.

आता प्रश्न पडेल, सुरण तर आपण उपवासालाही खातो. मग त्यात विष कुठून आलं?

तर गोष्ट अशी आहे. सुरण, शेवळं, अळू ही सगळी वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं नात्यातली मंडळी. यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. नीट न शिजवता खाल्लं की हे स्फटिक जिभेत आणि घशात टोचतात. खाज सुटते, सूज येते. झाडाच्या दृष्टीनं पाहिलं तर हे त्याचं संरक्षण आहे. पाय नसलेल्या जिवाला पळून जाता येत नाही, म्हणून त्यानं अंगातच काटे ठेवले.

बाजारातला सुरण हा पिढ्यान्‌पिढ्या निवडून, लागवड करून सौम्य झालेला. जंगलातले सुरण तसे नसतात. शिवाय रानात एकसारखे दिसणारे कितीतरी कंद असतात. एक पोट भरतो, दुसरा माणसाला झोपवतो. फरक कळतो तो वेलीवरच्या काट्यावरून, पानाच्या बेचक्यावरून, वासावरून आणि कोणत्या महिन्यात खणला त्यावरून.

ही माहिती त्या काळी कुठल्याही पुस्तकात एकत्र मिळत नव्हती. ती होती जंगलात राहणाऱ्या माणसांच्या डोक्यात.

सहा वर्षांचा हिशेब

तिशीच्या आसपासची सहा वर्षं म्हणजे काय? बरोबरीची माणसं नोकरीत स्थिरावतात, पदव्या घेतात, नाव कमावतात. ती सगळी वर्षं दुर्गाबाईंच्या आयुष्यातून गेली. ज्या अभ्यासकाचं सगळं काम पायी हिंडण्यावर अवलंबून आहे, त्याला अंथरूण मिळणं यापेक्षा वाईट काय असणार?

पण त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक, वाचन. दुसरी, आदिवासींचा विषय. ज्या जंगलानं आजार दिला त्या जंगलाबद्दल त्यांच्या लिखाणात कडवटपणा दिसत नाही. उलट पुढची पन्नास वर्षं त्या लोककथा, लोकगीतं, उखाणे, सण, झाडं आणि प्राणी यांच्याभोवतीच फिरत राहिल्या. गोंडांच्या जगण्यावर त्यांनी 'महानदीच्या तीरावर' ही छोटी कादंबरी लिहिली. 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिली, जी आजही लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना वाचावी लागते.

आणि १९५६ मध्ये आलं 'ऋतुचक्र'.

'ऋतुचक्र'मध्ये असं काय होतं?

कल्पना अगदी साधी. चैत्र ते फाल्गुन असे बारा महिने. प्रत्येक महिन्यावर एक लेख. त्या महिन्यात कोणतं झाड काय करतंय, आकाशाचा रंग कसा आहे, कोणते पक्षी बोलताहेत, कोणता सण आहे आणि त्या सणाचा त्या झाडाशी संबंध काय.

मराठीत निसर्गावर आधी कोणी लिहिलं नव्हतं असं अजिबात नाही. कविता भरपूर होत्या. पण बहुतेक कवितेत निसर्ग हा माणसाच्या मनासाठी मागे लावलेला पडदा असायचा. माणूस दुःखी असेल तर पाऊस दुःखी, माणूस आनंदात असेल तर पाऊस आनंदात. दुर्गाबाईंनी झाडाला झाड म्हणून पाहिलं. पिंपळाची पालवी कोणत्या रंगाची येते, ती हिरवी कशी होत जाते, पानगळ नेमकी कधी सुरू होते. ही नजर अर्धी कवीची आणि अर्धी संशोधकाची होती.

दुसरी गोष्ट अशी की त्यासाठी त्यांना हिमालयात जावं लागलं नाही. मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या माणसालाही रोजच्या रस्त्यावर, मैदानाच्या कडेला, खिडकीबाहेर जे दिसतं, त्यातूनही ऋतू वाचता येतो हे त्यांनी दाखवलं.

महिने त्यांनी मराठी निवडले, आणि त्यामागे कारण आहे. आपला महिना चंद्रावर चालतो. चंद्राची बारा आवर्तनं साधारण ३५४ दिवसांत संपतात. ऋतू मात्र सूर्यावर चालतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी सुमारे ११ दिवसांची तूट. ती तशीच वाढू दिली तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब जुळवला जातो. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला होता तो यामुळेच.

म्हणजे आपलं पंचांग हे चंद्र आणि सूर्य यांच्यातली तडजोड आहे. त्यामुळे चैत्र म्हटलं की पालवी, आषाढ म्हटलं की झड, भाद्रपद म्हटलं की तेरडा हे समीकरण शेकडो वर्षं टिकलं. जानेवारी-फेब्रुवारी म्हटल्यावर डोळ्यांसमोर तारखा येतात. माघ-फाल्गुन म्हटल्यावर पळस येतो.

हेच बारा महिने पोशेऱ्याच्या डोंगरात

दुर्गाबाईंची पद्धत वापरून पाहायची असेल तर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरासारखी जागा शोधून सापडणार नाही. मुंबईपासून हा भाग फार लांब नाही. शिवाय मुंबईकराच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं वैतरणेचं. ही नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि मोखाड्याच्या बाजूनं खाली उतरते. वैतरणेवरचं मोडकसागर धरण १९५७ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे 'ऋतुचक्र'नंतर एकाच वर्षानं. पुढे २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण झालं, ते मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्यात.

चैत्रात इथे पहाटे मोहाखाली गर्दी असते. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची, वाळवायची, साठवायची. कोशिंबाची नवी पालवी लालभडक येते. लांबून वाटावं झाडाला फुलंच आलीत. उन्हाळ्यात गावोगाव बोहाड्याचे मुखवटे नाचतात.

वैशाखात करवंदं, जांभळं, आंबे. याच महिन्यात विहिरींचा तळ दिसतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. कारण डोंगर उताराचा आणि खाली कातळ. पडलेलं पाणी थांबत नाही, ते वाहून खाली जातं. बायकांच्या डोक्यावर हंड्यांवर हंडे चढतात. शेतात राब भाजण्याचा धूर दिसतो.

ज्येष्ठाच्या तोंडावर रात्री झाडांवर काजवे लुकलुकतात. मग शेवळं येतात, त्यापाठोपाठ कोळीभाजी, चाईचे कोवळे वेल, टाकळा, भारंगी, करटोली. शहरात आपण यांना रानभाज्या म्हणून कौतुकानं विकत घेतो. इथे तो हिशेब वेगळा आहे.

आषाढ-श्रावणात डोंगर हिरवागार, धबधबे फुललेले. जव्हारजवळचा दाभोसा धबधबा पाहायला गाड्यांची रांग लागते. पण ज्या महिन्यात पर्यटकाला हा डोंगर सगळ्यात सुंदर दिसतो, त्याच महिन्यात इथल्या घरातली कणगी रिकामी होत आलेली असते. गेल्या वर्षीची नाचणी-वरई संपलेली, नवी अजून शेतात हिरवी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. या कठीण दिवसांत रानातली भाजी आणि जमिनीतला कंद हा चवीत बदल नसतो, तो आधार असतो.

कडूकंदाचंच बघा. नावातच कडू आहे. तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि मग वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा जाऊ द्यायचा. एवढं केलं की तो पोटभर खाता येतो. ही कृती कुणीतरी कधीतरी चुकत, आजारी पडत, कदाचित जीव गमावत शोधली असणार. ती आईकडून मुलीकडे आली.

भाद्रपदात तेरडा आणि सोनकी फुलते. कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुलं आगीच्या ज्वाळेसारखी पेटतात. दिसायला देखणी, पण तिच्या कंदात जहाल विष. आश्विनात खुरासणीची शेतं पिवळीधमक होतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते आणि वाघोबाची पूजा होते. कार्तिकात नाचणी-वरई खळ्यावर येते, तारपा वाजतो.

मार्गशीर्ष-पौषात पाडे अर्धे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, भिवंडी-वसईकडे कामाला जातात. आणि माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून नुसत्या फुलांनी पेटतात. होळी आली की गेलेली माणसं परत येतात.

पुन्हा मोह. पुन्हा चैत्र.

हे चक्र कॅलेंडरवर लिहिलेलं नाही. कोणत्या महिन्यात काय उगवतं, काय खायचं, काय टाळायचं, कधी गाव सोडायचं आणि कधी परतायचं हे सगळं त्यात आहे. दुर्गाबाईंनी सण, झाड आणि माणूस एकत्र पाहायला शिकवलं ते याचसाठी. यातलं एक जरी वगळलं तरी बाकीची दोन नीट कळत नाहीत.

अस्वल, कदंब आणि थोरो

दुर्गाबाईंच्या पुस्तकांची यादी पाहिली तर माणूस गोंधळून जातो. महाभारतातल्या व्यक्तिरेखांवर 'व्यासपर्व', पंढरपूरपासून बौद्ध विचारांपर्यंत फिरणारं 'पैस', स्वयंपाकावरचं 'खमंग', जातककथांचे खंड. आणि यांच्याच बरोबरीनं 'अस्वल' आणि 'कदंब'. एक अख्खं पुस्तक अस्वलावर, एक अख्खं पुस्तक कदंबाच्या झाडावर.

अस्वलावर पुस्तक का? कारण अस्वल हा त्यांच्यासाठी नुसता प्राणी नव्हता. रामायणातला जांबवंत अस्वल आहे. आदिवासी कथांमध्ये अस्वल आहे. गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. आणि जंगलात, चैत्रात मोहाखाली पहाटे माणसाच्या आधी पोचतं तेही अस्वलच. प्राणिशास्त्र, पुराण आणि लोककथा या तीन वाटांनी एकाच जिवाकडे जायचं, हे त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच्यावर त्यांचा विशेष जीव. वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षं राहिलेला आणि ऋतू टिपत बसलेला हा माणूस. त्याचं 'वॉल्डन' त्यांनी मराठीत आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं. या थोरोची आणखी एक ओळख आहे. गुलामगिरी आणि युद्ध चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून त्यानं १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली होती. सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध पुढे गांधीजींनीही वाचला.

झाडं न्याहाळणारा माणूस सत्तेपुढे उभा राहतो, हे दुर्गाबाईंनी आधी भाषांतरात लिहिलं. पुढे ते स्वतः जगून दाखवलं.

कराड, १९७५

'पैस'साठी १९७१ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये कराडच्या ५१व्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर हा मान मिळालेल्या दुसऱ्या महिला.

जूनमध्ये आणीबाणी लागली होती. संमेलन डिसेंबरात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप, विरोधी नेते तुरुंगात. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे तेव्हाच्या केंद्र सरकारमधले मंत्री. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि मुंबईत रुग्णालयात असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. मंडपात हजारो माणसं उभी राहिली.

१९७६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात अभ्यास करत असताना त्यांना अटक झाली. वय ६६. तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसविरोधात जाहीर प्रचार केला. त्यानंतर त्यांनी सरकारी मानसन्मान आणि मोठे पुरस्कार घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

अनेकांना हे दोन वेगवेगळ्या दुर्गाबाईंचं आयुष्य वाटतं. एक फुलापानांत रमणाऱ्या, दुसऱ्या सत्तेशी भांडणाऱ्या. पण नीट पाहिलं तर धागा एकच आहे. जे डोळ्यांना दिसतं ते तसंच सांगायचं. पिंपळाचं पान तांबूस असेल तर तांबूस म्हणायचं आणि आणीबाणी अन्याय्य वाटत असेल तर अन्याय्य म्हणायचं.

मागे काय राहिलं?

७ मे २००२ रोजी मुंबईत वयाच्या ९२व्या वर्षी दुर्गाबाई गेल्या. उन्हाळ्याचे दिवस. जव्हार-मोखाड्यात त्या दिवसांत करवंदं पिकतात आणि विहिरी आटतात.

'ऋतुचक्र' आजही छापलं जातं, वाचलं जातं. पावसाळा आला की सोशल मीडियावर त्यातले उतारे फिरतात. तेवढंच झालं तर मात्र पुस्तकाचं अर्धंच काम झालं. कारण ज्या बाईंची तिशी एका कंदानं खाल्ली, त्यांच्यासाठी निसर्ग ही फक्त सुंदर गोष्ट असूच शकत नव्हती. त्यात अन्न होतं, औषध होतं, विष होतं आणि हे तिन्ही वेगळं ओळखणारी माणसं होती.

ही माणसं अजून आहेत. मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरची म्हातारी आजही पान हातात घेऊन सांगते की हा कंद खायचा आणि हा नाही. पण तिची नात वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असेल, तर ही ओळख तिच्यापर्यंत पोचायची कशी? रान तुटलं की झाड जातं. माणसं रानापासून तुटली की झाडाची माहिती जाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून यंदा शेवळं दिसली तर दोन गोष्टी करा. एक, रानात स्वतः काही उपटून चाखू नका. ओळखीशिवाय रानातलं खाणं किती महाग पडतं हे दुर्गाबाईंच्या सहा वर्षांनी सांगितलं आहे. दुसरी, बाजारात विकणाऱ्या मावशींकडून जुडी घेताना घासाघीस करण्याऐवजी ती करायची कशी, ते नीट विचारून घ्या.

त्या सोबत काकडाची फळं देतील. ती टाकून देऊ नका.